नागपूरचं ५६ आणि बाबांचं ‘काय होते बे?’

माळ्यावरून कूलर खाली उतरला, त्याला वाळ्याच्या नव्या ताट्या लागल्या, की दोन-चार दिवसांत आमच्या घरच्या ग्रुपवर तो मेसेज येतोच. यंदाही आला. मजकूर असा:

“नागपुरात ५६ डिग्री! दोन-दोन केंद्रांवर नोंद, तरी सरकारने आकडा दाबला. ५० च्या वर गेलं की सगळं बंद ठेवावं लागतं, म्हणून कमी सांगतात. गाडीतला डिस्प्ले बघा, तो खोटं बोलत नाही. उन्हातून आल्यावर अंगावर थंड पाणी घेऊ नका, नस फुटते. खिशात कांदा ठेवा. सर्वांना पाठवा.”

आजवर मी हसून सोडून देत होतो. यंदा नाही. कारण बाबा, वय ७१, भर दुपारी एक वाजता पासबुक भरायला बर्डीवर निघाले. मी म्हटलं, बाहेर ४५ आहे, उद्या सकाळी जा. डोक्याला दुपट्टा गुंडाळत ते म्हणाले, “छप्पनमध्ये काही झालं नाही आपल्याले, पंचेचाळीसमध्ये काय होते बे?”

अडीचला परत आले ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरच बसले. दोनदा उलटी, अंग तव्यासारखं. आई ओला टॉवेल घेऊन धावली तर काकू मध्येच, “थांबा वहिनी, नस फुटते म्हणतात!” आणि आई थांबली. फार नाही, अर्धा मिनिट. तो अर्धा मिनिट माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी ५६ चं बघू. हा आकडा कुणी घरी बसून रचलेला नाही, एवढं मान्य. ३० मे २०२४ ला, ऐन नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, रामदासपेठेतल्या कृषी विद्यापीठाच्या शेतावर हवामान विभागाचं जे स्वयंचलित केंद्र आहे, त्याने खरोखरच ५६ दाखवले. वर्धा रोडवरच्या कापूस संशोधन संस्थेच्या शेतातल्या केंद्राने ५४. मेसेजमधलं “दोन केंद्रांवर” खरंच आहे. पण नागपूर भागात अशी केंद्रं चार होती. उरलेल्या दोघांचं मेसेज नाव घेत नाही. विमानतळाशेजारच्या सोनेगावला आणि रामटेकला त्याच दिवशी ४४ च्या आसपास होतं.

रामदासपेठ ते सोनेगाव अंतर किती? पाच-सहा किलोमीटर. मेच्या दुपारी जमिनीलगतची हवा तापून वर उठते, वरची खाली येते, दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत सगळी घुसळण चाललेली असते. अशा वेळी एका शेतावर ५६ आणि विमानतळाशेजारी ४४ हे होत नाही. गावात सिमेंट जास्त म्हणून दोन-तीन अंशांचा फरक पडतो, तोही रात्री जास्त जाणवतो. बारा अंशांचा फरक सिमेंटने पडत नाही, आणि रामदासपेठेतलं ते केंद्र तर मोकळ्या शेतात आहे! जगातला नोंदलेला सर्वात मोठा आकडा ५६.७, अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत, १० जुलै १९१३ चा. ती जागा समुद्रसपाटीच्याही खाली आहे, आणि तरी त्या आकड्यावर अभ्यासकांचे वाद आहेत. भारतातला विक्रम ५१, फलोदी, राजस्थान, १९ मे २०१६. म्हणजे आपल्या रामदासपेठेने फलोदीला पाच अंशांनी मागे टाकलं आणि शेजारच्या धंतोलीला पत्ताच नाही.

मग उपकरण चुकलं कसं? हवामान विभागाने सांगितलं की सेन्सरमध्ये बिघाड होता. लोकांना ते टाळाटाळ वाटते. मी बुटीबोरीला कॅलिब्रेशनचं, म्हणजे मोजणारी यंत्रं बरोबर मोजतात का ते तपासायचं काम करतो, मला यात काहीच नवल वाटलं नाही. तापमान मोजायला आमच्याकडे सगळ्यात जास्त चालतो तो पीटी-१०० सेन्सर. प्लॅटिनमची बारीक तार, शून्य अंशाला तिचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, बरोबर १०० ओहम. पुढे दर अंशाला साधारण ०.३८५ ओहमने वाढत जातो. ४५ अंशांना सुमारे ११७.५ ओहम, ५६ ला सुमारे १२१.७. फरक काढा. चार ओहम आणि थोडंसं. टर्मिनलला गंज चढला, स्क्रू सैल झाला, केबलचा जोड कच्चा राहिला, की दोन तारांच्या जोडणीत तेवढे चार ओहम सहज चढतात आणि यंत्र इमानेइतबारे ५६ लिहून मोकळं होतं. यंत्राला हवा कळत नाही, रोध कळतो. म्हणूनच जिथे अचूकपणा लागतो तिथे चार तारा जोडतात, जोडातला रोध मापातून वगळता यावा म्हणून. बॉयलरवर असा आकडा आला तर आमचा हेल्परसुद्धा आधी टर्मिनल तपासतो, पेपरवाल्यांना फोन करत नाही.

आता हवामान विभागाचंही सांगतो, नाहीतर म्हणाल हा त्यांचा माणूस. चूक त्यांची होतीच. कच्चा आकडा कुठल्याही चाळणीशिवाय लोकांसमोर गेला. चाळणी फार अवघड नसते: आकडा त्या ठिकाणच्या शक्य मर्यादेत आहे का, मागच्या नोंदीपेक्षा एकदम उडी मारली का, शेजारच्या केंद्राशी जुळतो का. संगणकाला हे तीन प्रश्न विचारायला शिकवलं असतं तर ५६ तिथेच अडकलं असतं. आदल्याच दिवशी, २९ मेला, दिल्लीतल्या मुंगेशपूरने ५२.९ दाखवले होते. नंतर तपासणीत तिथला सेन्सर तीन अंश जास्त दाखवत असल्याचं निघालं. लागोपाठ दोन दिवस देशभर गाजावाजा झाला की लोकांचा विश्वास उडणारच. त्यासाठी शिव्या द्यायच्या तर जरूर द्या. पण देखभाल नीट नव्हती म्हणजे आकडा खरा होता, हे कुठलं तर्कशास्त्र?

आणि म्हणे सरकार दाबतं. ५० ला काय होतं नेमकं? सपाट प्रदेशासाठी हवामान विभागाच्या निकषात ४५ ला उष्णतेची लाट आणि ४७ ला तीव्र लाट. ५० ही रेषाच तिथे नाही. दाबायचंच असतं तर ४७ दाबले असते. २३ मे २०१३ ला सोनेगावने ४७.९ जाहीर केले, ते आजही सगळे सांगतात. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला यांची नावं तर दर उन्हाळ्यात देशाच्या यादीत वर असतात. दाबणाऱ्याला दाबता येत नाही म्हणायचं, दुसरं काय.

गाडीचा डिस्प्ले. तो सेन्सर बहुतेक गाड्यांत पुढच्या बंपरच्या मागे असतो, खाली तापलेलं डांबर, मागे रेडिएटर. सिग्नलला पाच मिनिटं उभे राहा आणि आकडा चढताना बघा. हवेचं तापमान मोजायचं ते सावलीत, जाळीदार पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून माणसाच्या छातीइतक्या उंचीवर. का, तर जगात सगळीकडे तसंच मोजतात, म्हणून तुलना करता येते. “पण आपण तर उन्हात फिरतो ना?” हा प्रश्न मात्र बरोबर आहे. उन्हात अंगाला सावलीतल्या ४५ पेक्षा कितीतरी जास्त सोसावं लागतं. म्हणजे ४५ हाच आकडा घाबरायला पुरेसा आहे. त्याला ५६ चं इंजेक्शन देण्याची गरज नाही. बाबांचा सगळा घोळ इथेच झाला. ज्याने मनातल्या मनात ५६ पचवले, त्याला ४५ म्हणजे पौषातली सकाळ वाटते.

राहिलं थंड पाणी. हा मेसेजमधला सगळ्यात घातक भाग, आणि नेमका तोच लोकांच्या लक्षात राहतो. उष्माघातात अंगाचा ताप जितक्या लवकर खाली येईल तितका माणूस वाचण्याची शक्यता जास्त. मैदानात कोसळलेल्या खेळाडूंना तर बर्फाच्या पाण्याच्या टबात घालतात, तो मान्य उपचार आहे. सावलीत आणायचं, कपडे सैल करायचे, अंगावर पाणी मारायचं, पंखा लावायचा, काखेत आणि जांघेत बर्फ, आणि दवाखाना. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. नस फुटण्याची वाट बघत कोरडा टॉवेल घेऊन उभं राहायचं नाही. आईने शेवटी काकूला बाजूला सारलं आणि अख्खी बादली बाबांवर ओतली, जिन्यावरच. बाबा ओरडले, तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

पासबुक अजून भरायचं आहे. सकाळी साडेदहाला मी सोबत जाणार.

कांद्याचं काय? ठेवा खिशात. त्याने सेन्सर बिघडत नाही.