जुन्या गाडीचं ऐकू नका

जुनी गाडी फार बोलते. ती सकाळी सेल्फ मारताना कण्हते, वळताना कटकट करते, चढावर वास सोडते आणि सिग्नलला उभी असताना डॅशबोर्डवरचा एखादा दिवा मिचकावून काहीतरी सुचवू पाहते. यातल्या कुठल्याही गोष्टीकडे लक्ष दिलंत तर खिशाला हात घालावा लागतो. शहाणा मालक म्हणूनच आधी तिचं तोंड बंद करतो. ते कसं करायचं, एवढंच इथे सांगतो.

समजा तुमच्याकडे मारुती एस्टीम आहे. ॲक्सेंट, इंडिगो किंवा जुनी होंडा सिटी असली तरी हे सल्ले लागू पडतात, पण एस्टीमवाल्याची अडचण जरा वेगळी आहे. ही गाडी १९९४ साली आली आणि २००७मध्ये बंद झाली, म्हणजे सगळ्यात धाकटी एस्टीमसुद्धा आता मतदानाच्या वयाची झाली. १,२९८ सीसीचं तिच्या घराण्यातलं इंजिन इतकं गुणी निघालं की तेच जिप्सीत बसलं, पहिल्या पेट्रोल स्विफ्टमध्येही बसलं, आणि लष्करानं जिप्सी डोंगरदऱ्यांतून वर्षानुवर्षं पिदडली. त्यामुळे इंजिनाचे पार्ट अजून मिळतात. पुण्यातल्या नाना पेठेत जाऊन "एस्टीमचं आहे का?" विचारलंत तर दुकानदार मान वर न करता म्हणतो, "जिप्सीचं चालंल ना? तेच आहे." म्हणजे "काय करणार, पार्टच मिळत नाही" ही हक्काची सबब गेली. अशी गाडी कायमची बंद पाडायची तर मालकालाच कष्ट घ्यावे लागतात.

सुरुवात आवाजापासून करा. स्टिअरिंग पूर्ण फिरवून गाडी वळवली की पुढच्या चाकातून टक-टक-टक असा आवाज येतो. एक्सलच्या टोकाला असलेल्या सांध्यावरचा रबरी बूट फाटलाय, आतलं ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडालंय आणि त्याच्या जागी रस्त्याची धूळ जाऊन बसलीय, असं ती सांगत असते. बूट फाटल्या फाटल्या वाकून पाहिलं असतंत तर बूट आणि मूठभर ग्रीस यावर भागलं असतं. पण वाकायचं कशाला? आवाज फक्त वळताना येतो, मग वळूच नका. पुण्यात यू-टर्न तसाही दोन किलोमीटर पुढे असतो. अगदीच वळावं लागलं तर एफएमचा आवाज वाढवा. पुढे कधीतरी सरळ जातानाही आवाज यायला लागेल आणि मग अख्खा एक्सल बदलताना तुम्हाला कसलाही अपराधीपणा वाटणार नाही, कारण तेव्हा दुसरा इलाजच उरलेला नसेल.

दिव्यांचं त्याहून सोपं आहे. चेक इंजिनचा दिवा लागला तर बिघाडाचा कोड वाचायला जाऊ नका. वाचला तर कळतं, आणि कळलं की करावं लागतं. कुठलाही अनुभवी इलेक्ट्रिशियन तो बल्ब काढून देतो. तेलाचा दिवा स्लोवर असताना फडफडतो? ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून उभे राहा, विझतो. स्पीडोमीटरची केबल तुटली असेल तर ती मुळीच बदलू नका. त्या दिवसापासून रनिंग एक लाख ऐंशी हजारावर थांबतं आणि गाडीचं वय वाढायचं बंद होतं. माणसांसाठी अशी केबल अजून निघालेली नाही.

आता मुख्य विषय, पाणी. गाडी मारण्याची ही सगळ्यात खात्रीची आणि सगळ्यात मराठी पद्धत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बोनेट उघडलंत तर रेडिएटरपासून इंजिनाकडे जाणारा जाड काळा पाइप दिसेल. गाडी थंड असताना तो दाबून पाहा. चांगला पाइप दाबला की परत येतो. म्हातारा पाइप एकतर वाळलेल्या चपलेसारखा कडक झालेला असतो, नाहीतर क्लिपजवळ फुगून मऊ पडलेला असतो, आणि त्या क्लिपच्या कडेला हिरवट-पांढरं काहीतरी साकळलेलं असतं. ते वाळलेलं कूलंट, इंजिन थंड ठेवायला पाण्यात घालतात ते. म्हणजे थेंब-थेंब गळती चालू आहे. पाहिलंत? आता बोनेट लावा आणि विसरून जा. पाण्याची टाकी कमी दिसली तर कूलंट आणायच्या भानगडीत पडू नका, बोअरचं पाणी ओता. त्यातले क्षार आत जाऊन बसतील, ॲल्युमिनियमच्या इंजिनाला आतून खातील आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजवतील. कूलंटमुळे पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो, गंज रोखला जातो वगैरे आपण शाळेत आणि कॅनवर वाचलेलं असतं. शाळेत वाचलेलं बाकी काय वापरतो आपण?

मग गाडी तापायला लागेल. इथे मेकॅनिकची निवड फार महत्त्वाची. जो म्हणेल "प्रेशर टाकून लीकेज बघू, पाइप बदलू, फ्लश करू," तो तुमच्या कामाचा नाही. तुम्हाला हवाय तो गॅरेजच्या दारातच हात पुसत म्हणणारा, "काका, वॉल काढून टाकू. आपल्याकडच्या हवेला लागतच नाही तो."

वॉल म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवून ठेवायचं आणि मग सोडायचं, एवढंच त्या बिचाऱ्याचं काम. तो काढला की इंजिन लवकर गरम होत नाही. मग एमपीएफआयच्या, म्हणजे पेट्रोल मोजून फवारणाऱ्या यंत्रणेच्या, कॉम्प्युटरला वाटतं अजून पहाट आहे, आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. ॲव्हरेज पडतं. तुम्ही तक्रार घेऊन जाता आणि त्याच मेकॅनिककडून प्लग बदलून घेता.

दुसऱ्या खेपेला तो रेडिएटरचा फॅन डायरेक्ट करून देईल. पाणी तापलं की फॅन सुरू करणारा सेन्सर गेला तर तो बदलण्यात मजा नाही. दोन वायरी पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळून फॅन किल्लीला जोडायचा. किल्ली फिरवली की फॅन सुरू, डिसेंबरातल्या पहाटे नाशकातसुद्धा. वर्ष-दीड वर्ष असा अखंड फिरला की फॅनची मोटर जळते. कधी जळते? ते सांगायला सेन्सर नाही. तापमानाचा काटा पाहावा तर तो एव्हाना स्वतःच्या मर्जीनं हलतो. म्हणजे थेंबभर गळतीपासून सुरुवात करून तुम्ही पाइप, वॉल, सेन्सर, फॅन आणि काटा असे पाच साक्षीदार फोडलेत. आता फक्त घाट बाकी राहिला.

घाट शक्यतो खंबाटकीचा निवडा. पुण्याहून साताऱ्याकडे जुन्या रस्त्यानं जाताना चढ वाट्याला येतो आणि येताना बोगदा, त्यामुळे गुन्हा जाताना करून परत येताना टो-व्हॅनमधून बोगदा पाहता येतो. मे महिना, दुपार, लग्नाची तिथी, पुढे ऊस नाहीतर सळया भरलेला ट्रक, एसी चालू, गाडीत पाच माणसं आणि डिकीत आहेराची भांडी.

"अहो, गोडसर वास येतोय कसला तरी."

"बाहेरून येतोय."

"काच बंद आहे."

"ट्रकचा असेल."

मागून आई विचारतील, "अरे, धुकं आहे का पुढं?" मे महिन्यात धुकं नसतं. ती वाफ आहे आणि ती तुमच्याच बोनेटमधून येतेय.

अजूनही वेळ गेलेली नसते, हे लक्षात ठेवा, म्हणजे नेमकं काय टाळायचं ते कळेल. एसी बंद करून हीटर पूर्ण सोडला तर इंजिनाची उष्णता आत येते, माणसं घामाघूम होतात पण इंजिन कधीकधी वाचतं. जागा दिसताच बाजूला घेऊन गाडी बंद केली, तास-दीड तास थांबलं, झाकणाला हातही लावला नाही, तरी निभावतं. तुम्ही तसं करू नका. "वर पोचलो की उतारच आहे" असं म्हणून रेटा. वर पोचेपर्यंत ॲल्युमिनियमचं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकलेलं असेल आणि त्याखालच्या गॅस्केटनं जीव सोडलेला असेल. ऑइलचं झाकण उघडलंत तर खाली दुधावरच्या सायीसारखं काहीतरी दिसेल. तेल आणि पाणी यांनी अखेर संसार मांडला म्हणायचं.

मग हेड उतरवणं, लेथवर फेसिंगला, म्हणजे सपाट करायला, टाकणं, गॅस्केट किट, पॉलिश केलेले वॉल्व्ह, नवं तेल. तीन आकडी पाइपाचं पाच आकडी हेड झालं. आणि हेड उतरवलंच आहे तर टायमिंग बेल्ट बदलून टाकू का, असं मेकॅनिकनं विचारलं तर ताठपणे नाही म्हणा. जुनाच परत चढवा. लाखभर किलोमीटरला तो बदलावा म्हणतात, पण तुमचा मीटर कधीच थांबलाय.

पावसाळ्यासाठी वेगळी मेहनत घ्यावी लागत नाही. प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती मातीनं बुजलेली असली की दार उघडताना आत पाणी डुचमळल्याचा आवाज येतो. एक तार घालून ती मोकळी करायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं वरून पॉलिश मारण्यात घालवा. पत्रा आतून गंजतो, पॉलिश बाहेरून चमकते, दोघांची गाठ पडायला काही वर्षं लागतात. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साठलं असेल तर मात्र उपसा, कारण महापालिकेवाले डासांच्या अळ्या शोधत फिरतात आणि एस्टीमच्या डिकीची नोटीस कोणाच्या नावानं काढायची हा प्रश्न त्यांनाही पडायचा.

टायरची नक्षी शिल्लक आहे ना? मग टायर नवा आहे. त्याच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, २३१४ असेल तर २०१४ सालचा तेविसावा आठवडा. ते वाचायला चष्मा लागतो, तो घरी ठेवा. रबराला पडलेल्या भेगांवर काळं पॉलिश छान बसतं.

पेट्रोलच्या बाबतीत सरकारनंच तुमचं निम्मं काम केलंय. २०२५पर्यंत देशात पेट्रोलमधलं इथेनॉल वीस टक्क्यांवर गेलं. तुमची गाडी बनली तेव्हा ते कोणाच्या मनातही नव्हतं. काही जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटर झाल्यावर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागतील, ते काम स्वस्तात होतं, असं पेट्रोलियम मंत्रालयानंच सांगितलं. पण पेट्रोलचा पाइप पाझरायला लागला तरी मन शांत ठेवा. पाझरतोय त्यात आपलाच ऊसही आहे, कारखान्याच्या सभासदाला तर अभिमान वाटायला हवा. (आग लागली तर अभिमान बाजूला ठेवून उतरा. हा एक सल्ला खरा समजा.)

कागदपत्रांवर मात्र कंजूषपणा चालत नाही. पंधरा वर्षं झाली की पासिंग करून पुढच्या पाच वर्षांचं नूतनीकरण. त्याची फी केंद्रानं एप्रिल २०२२पासून सहाशेवरून पाच हजार केली आणि २०२५मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना दहा हजार. वर पर्यावरण कर आहेच. गाडीची किंमत जशी उतरते तशी कागदाची चढते. पासिंगच्या दिवशी मेव्हण्याचे टायर आणा, हेडलाइटच्या पिवळ्या काचा टूथपेस्टनं घासा आणि संध्याकाळी टायर परत करा. मेव्हण्याला पासिंग कधी आहे ते विचारून तारीख घ्या, नाहीतर घरात भांडणं होतात.

नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेटही घ्यावी लागली असेल, सातशे पंचेचाळीस अधिक जीएसटी. ॲल्युमिनियमची, गंजत नाही, एकदा ठोकली की निघत नाही. गाडीतला हा एकच भाग ओरिजिनल, नवा आणि घट्ट. बंपर गळून पडला तरी प्लेटला धरून लोंबकळेल.

एवढं सगळं करूनही गाडी चालतच राहिली, आणि एस्टीमच्या बाबतीत ही शक्यता नाकारता येत नाही, तर विकायला काढा. जाहिरातीत "फॅमिली युज्ड, डॉक्टरची गाडी, पाच पैशाचं काम नाही" असं लिहा. घेणारा स्वतःचा मेकॅनिक घेऊन येईल. तो पोरगेलासा मुलगा न बोलता बोनेट उघडेल, ऑइलचं झाकण फिरवून बोटानं खालची साय काढेल आणि तुमच्याकडे बघेल.

"काका, हेड कधी उतरवलं होतं?"

"थंडीत येतं हो तसं," म्हणा. थंडीत जवळच्या जवळ गाडी फिरवली तर खरंच येतं, त्यामुळे चेहरा निर्विकार ठेवता येतो. फक्त हा संवाद मे महिन्यात होऊ देऊ नका.

ते भंगाराच्या वजनाचा भाव सांगतील. तुम्ही भडका. "अहो, आत्ताच हेड केलंय, फॅन नवा टाकलाय, बिलं दाखवतो!" बिलं काढा. ती फाइल एस्टीमच्या आजच्या किमतीपेक्षा जाड निघेल. घेणारा निघून जाईल आणि तुम्ही त्याच रागात दुसऱ्या दिवशी आरटीओ एजंटाला फोन लावाल, पुढच्या पाच वर्षांसाठी. तोच विचारेल, "काका, टायर तुमचे की पासिंगपुरते?"