चार बाजू मोजून प्लॉटचे गुंठे निघत नाहीत

‘चारही बाजू टेपने मोजा. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढा, दोन्ही सरासऱ्या गुणा, १०८९ ने भागा. झाले गुंठे! आकार कसाही वेडावाकडा असो.’ हा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर सारखा फिरतो. त्यातले १०८९ तेवढे बरोबर आहे: ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा. बाकीचे एकेक पाहू.

‘आकार कसाही असो’

चार बाजूंवरून चौकोन ठरतच नाही. समजा बाजू ओळीने १३०, १४०, ९० आणि १२० फूट आहेत. मेसेजप्रमाणे ११० × १३० = १४,३०० चौ. फूट, म्हणजे १३.१३ गुंठे. आता १३० आणि १४० च्या बाजू एकीकडे, ९० आणि १२० च्या दुसरीकडे राहतील असा कर्ण मोजा. तो १५० भरला तर दोन त्रिकोण ८,४०० आणि ५,४०० चे, एकूण १३,८००. २०० भरला तर ९,०५८ आणि ३,१६५, एकूण १२,२२३, म्हणजे सव्वाअकरा गुंठ्यांच्या आत. बाजू त्याच, पण मेसेजच्या हिशेबातले जवळपास दोन गुंठे हवेत विरले.

त्रिकोणाचा हिशेब शाळेतलाच, हेरॉनच्या सूत्राचा. १३०, १४०, १५० ची बेरीज निम्मी केली की २१०. त्यातून एकेक बाजू वजा करा: ८०, ७०, ६०. या चारही आकड्यांचा गुणाकार ७,०५,६०,०००, त्याचे वर्गमूळ ८,४००.

एक सावधगिरी. ९०, १२०, २०० हा त्रिकोण चपटा आहे. तिथे कर्ण चुकून २०१ वाचला तर एकट्या त्या त्रिकोणात १४३ चौ. फूट कमी होतात. असा चपटा तुकडा पडला की हेरॉन सोडा. कोपऱ्यातून कर्णावर काटकोनात लंब मोजा (इथे तो सुमारे ३१ फूट ८ इंच येईल) आणि पाया (म्हणजे कर्ण) गुणिले उंची (म्हणजे लंब) भागिले दोन करा. मग पायातली एक फुटाची चूक फक्त १६ चौ. फुटांचा फरक पाडते. काटकोनासाठी ३, ४, ५ फूट बाजूंचा दोरीचा त्रिकोण पुरतो. नजरेने धरू नका.

‘थोडे इकडेतिकडे होते, पण जमून जाते’

इकडेतिकडे होत नाही, एकाच दिशेला होते. दोन बाजूंमधल्या त्रिकोणाचे क्षेत्र त्या बाजूंच्या गुणाकाराच्या निम्म्याहून जास्त असूच शकत नाही. एका कर्णाने कापून ही मर्यादा काढा, मग दुसऱ्या कर्णाने कापून काढा. दोन्हींची सरासरी म्हणजे नेमके मेसेजमधले सूत्र. म्हणून ते खऱ्या क्षेत्रापेक्षा कमी कधीच दाखवत नाही, आणि तंतोतंत बरोबर येते ते फक्त आयतात. दर गुंठ्यावर ठरला असेल तर फरक कोणाच्या खिशातून जातो, हे उघड आहे.

‘पूर्वापार चालत आलेली पद्धत आहे’

आहे खरी. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये ती दिली, पण ‘स्थूल’, म्हणजे ढोबळ, म्हणून. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त तर कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचे क्षेत्र विचारणाऱ्याला पिशाच म्हटले आहे, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहूनही मोठा.

‘बाजू जास्त असतील किंवा बांध वाकडा असेल, तर परिमिती भागिले चार, मग वर्ग’

हे तर आणखी वाईट. १०० × १०० आणि १९० × १० या दोन्हींची परिमिती ४०० फूट. क्षेत्र मात्र १०,००० आणि १,९००.

पाच बाजू असतील तर दोन कर्ण घालून तीन त्रिकोण पाडा, सहा असतील तर तीन कर्णांनी चार. ओढ्याकडची वाकडी बाजू असेल तर दोन टोकांत दोरी ताणा आणि दर १० फुटांवर दोरीपासून काठापर्यंत काटकोनात अंतर घ्या. समजा ६० फुटांत ०, ६, ९, ११, १०, ७, ० आले. मधल्या आकड्यांची बेरीज ४३, गुणिले १० = ४३० चौ. फूट. काठ बाहेर फुगलेला असल्याने हे थोडे कमीच येते, कारण आपण वळण सरळ तुकड्यांनी कापतो. सिम्प्सनच्या नियमाने पहिले-शेवटचे एकदा, ६, ११, ७ चौपट आणि ९, १० दुप्पट धरून बेरीज १३४. तिला १० ने गुणून ३ ने भागले की सुमारे ४४७. त्यासाठी भाग सम संख्येत हवेत, इथे ६ आहेत. काठ दोरीच्या आत शिरत असेल तर तेवढा तुकडा वजा करायचा.