कॅमेरेवाला दिसला की आधी अडवा, कायदा नंतर बघू

सार्वजनिक जागेत कोणी मोठा कॅमेरा बाहेर काढला की तुमच्या पोटात काहीतरी ढवळतं ना? अगदी नॉर्मल आहे ते, जबाबदार नागरिकाला असंच व्हायला पाहिजे. प्रश्न फक्त एवढाच की ढवळल्यावर पुढं करायचं काय, कारण बऱ्याच जणांना अडवायची इच्छा दांडगी असते पण पद्धत माहीत नसते, मग समोरच्यानं एक साधा प्रश्न विचारला की ततपप होते. म्हणून हा लेख. गार्ड असाल, सोसायटीचे सेक्रेटरी असाल, किंवा नुसतेच रिकामे असाल, तिघांनाही चालेल.

सगळ्यात आधी ओळख पटवायला शिका. धोका कॅमेऱ्यात नसतो, कॅमेऱ्याच्या साइझमध्ये असतो. मोबाइलवर दहापट झूम करून कोणी तासभर व्हिडिओ काढत उभा असेल, तो थेट इंटरनेटवर चालला असेल, तर त्याच्याकडं दुर्लक्ष करा, तो आपलाच माणूस आहे, जमलं तर त्याच्या मागून जाताना हात हलवा. पण शेजारी कोणी गळ्यात जाड पट्टा अडकवून, डोळा बारीक करून एका खांबाच्या सावलीचा फोटो काढत असेल तर तिथंच त्याला गाठा. आणि ट्रायपॉड दिसला तर विषयच संपला. तीन पायांवर उभी केलेली वस्तू म्हणजे शंभर टक्के कटकारस्थान, कारण गुप्तहेर लोक नेहमी सगळ्यांना लांबून दिसेल असं उंच सामान मांडून, वीस मिनिटं एकाच जागी थांबून हेरगिरी करतात हे जगजाहीर आहे. २००७ पासून डोक्यावर कॅमेरे लावलेल्या गाड्या रस्त्यारस्त्यानं फिरून अख्ख्या शहरांचे फोटो नेटवर टाकतायत, पण त्या चालत्या गाड्या, त्यांच्यामागं कुठं पळणार. उभा माणूस अडवायला सोपा पडतो.

आता पहिलं वाक्य. "फोटो काढायला अलाऊड नाही." बस, एवढंच बोलायचं. हे वाक्य फार विचार करून बनलंय, यात कोणी अलाऊड केलं नाही, कधी नाही केलं, कुठल्या कलमाखाली नाही केलं यातलं काहीच येत नाही. समोरचा चिवट निघाला आणि त्यानं "कुठल्या नियमानं?" असं विचारलं तर तर्जनी आभाळाकडं करून "वरून ऑर्डर आहे" म्हणा. वर म्हणजे कोण हे सांगायच्या भानगडीत पडू नका. फक्त बोट दाखवताना जरा जपून, कारण बहुतेक ठिकाणी तिथं नेमका सीसीटीव्ही असतो आणि तो तुम्हा दोघांचंही शूटिंग करत असतो, दिवसरात्र, कोणाला न विचारता. त्याच्याकडं बघू नका, चेहऱ्यावरचा कडकपणा जातो.

कायदा वाचायचा मोह टाळा. मनापासून सांगतोय. कायदा वाचलेला माणूस अडवायच्या कामाचा राहत नाही. कारण बहुतेक देशांत मूळ नियमच उलटा निघतो राव, सार्वजनिक जागेत उभं राहून डोळ्याला जे दिसतं त्याचा फोटो काढता येतो, आणि जिथं बंदी आहे तिथं ती लिहून ठेवावी लागते. म्हणजे परवानगीचा कागद त्यानं दाखवायचा नाही तर बंदीचा नियम आपण दाखवायचा. असा अन्याय सहन करायचा का? लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनी तर कहर केला, स्वतःच्याच सूचनांमध्ये लिहून ठेवलंय की सार्वजनिक जागी फोटो काढायला कोणाला परमिट लागत नाही आणि पोलिसांचे फोटो काढणाऱ्यालाही थांबवायचा पोलिसांना अधिकार नाही. घरच्याच माणसांनी असं केल्यावर बोलायचं कोणाला.

बरं, हे शहाणपण त्यांना आपोआप आलेलं नाही. ब्रिटनमध्ये २००० च्या दहशतवादविरोधी कायद्यात ४४ वं कलम होतं, त्याखाली ठरवून दिलेल्या भागात कुठलाही संशय नसताना कोणालाही थांबवून झडती घेता यायची. काय सुंदर कलम! संशयाची कटकटच नाही. कॅमेरेवाले त्यात भरपूर सापडले. पण २००३ मध्ये लंडनला शस्त्रांच्या प्रदर्शनाबाहेर निदर्शनं होती, तिथं झडती झालेल्या दोघांनी प्रकरण पार युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत ओढलं, त्यातली एक निदर्शनांचं शूटिंग करायला निघालेली पत्रकार होती, आणि जानेवारी २०१० मध्ये कोर्टानं सांगितलं की हे खासगी आयुष्याच्या हक्काचं उल्लंघन आहे. गंमत बघा, प्रायव्हसी प्रायव्हसी म्हणून आपण कॅमेरेवाल्याला धरतो आणि कोर्टात प्रायव्हसी निघाली झडती झालेल्यांची.

अमेरिकेतही तेच रडगाणं. २००७ मध्ये बोस्टनच्या बागेत पोलिस एकाला पकडत होते, एकानं ते मोबाइलवर शूट केलं, म्हणून पोलिसांनी शूट करणाऱ्यालाच आत घेतलं, ते पण फोन टॅपिंगच्या कायद्याखाली. वडाची साल पिंपळाला लावायची तर अशी लावावी. दुर्दैवानं तो माणूस वकील निघाला. २०११ मध्ये अपील कोर्टानं स्पष्ट सांगितलं की सार्वजनिक जागी ड्युटीवरच्या पोलिसांचं शूटिंग करायचा नागरिकाला घटनेनं हक्क दिलाय, आणि पुढच्या वर्षी शहरानं त्याला १ लाख ७० हजार डॉलर मोजून प्रकरण मिटवलं. यावरून शिकण्यासारखी गोष्ट एकच, अडवण्याआधी माणूस वकील आहे का ते विचारून घ्या.

कायदा नको म्हटल्यावर मग राहतं काय? राष्ट्रीय सुरक्षा. हिला उत्तर नसतं. पूल, स्टेशन, पाण्याची टाकी, काहीही सुरक्षेत बसतं. याबाबतीत ग्रीसचा आदर्श डोळ्यासमोर ठेवा. नोव्हेंबर २००१ मध्ये तिथल्या कालामाता गावच्या हवाई तळावर एअर शो होता, म्हणजे लोकांनी येऊन विमानं बघावीत म्हणून भरवलेला कार्यक्रम, तर तिथं आलेले विमानवेडे लोक विमानं बघून वहीत नंबर लिहीत होते म्हणून १२ ब्रिटिश आणि २ डच लोकांना हेरगिरीच्या संशयावरून आत टाकलं. पुढच्या एप्रिलमध्ये सगळे दोषी ठरले, काहींना तुरुंगवासाची शिक्षा झाली. नोव्हेंबर २००२ ला अपिलात सगळे सुटले ही बारीकशी गोष्ट आहे, ती सांगत बसू नका, वर्षभर तर गेलं ना त्यांचं.

आपल्याकडं त्यासाठी १९२३ चा शासकीय गुपितं कायदा आहे. तुम्ही तो वाचलेला नाही, मीही तुम्हाला वाचा म्हणणार नाही, पण नाव घेताना आवाज खाली आणायचा, त्यानं वजन येतं. त्यात 'निषिद्ध ठिकाण' म्हणजे काय याची व्याख्या दिलीय हे मात्र बोलू नका. एकानं पोलिस स्टेशनात व्हिडिओ काढला म्हणून त्याच्यावर याच कायद्याखाली गुन्हा लागला होता, तेव्हा २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं ती व्याख्या उघडून बघितली आणि म्हटलं यात पोलिस स्टेशन कुठाय? नाहीच. गुन्हा रद्द. व्याख्या उघडून बघितल्या की असं होतं.

सुरक्षेनं काम भागलं नाही तर दुसरा हुकमी पत्ता म्हणजे प्रायव्हसी, आणि हा पत्ता टाकताना एक काळजी घ्यायची. फोटो काढणं आणि फोटो वापरणं या दोन गोष्टी एकच आहेत असं ठामपणे बोलायचं. कायद्यात त्या बऱ्याचदा वेगळ्या असतात, रस्त्यात काढलेला फोटो ठेवणं, प्रदर्शनात लावणं, बातमीला वापरणं एकीकडं आणि त्याच चेहऱ्याचा साबणाच्या जाहिरातीला वापर करणं दुसरीकडं, जाहिरातीला त्या माणसाची संमती लागते. हा फरक एकदा तुमच्या डोक्यात शिरला की भांडणाची मजाच जाते.

उदाहरणं द्यायचीच असतील तर निवडून द्या. हंगेरीचं द्या, तिथं २०१४ पासून माणसाचा फोटो नुसता काढायलाही संमती लागते. (गर्दीच्या फोटोला सूट आहे, हे गिळा.) कॅनडाच्या क्वेबेकचं द्या, तिथं एका इमारतीच्या पायऱ्यांवर बसलेल्या १७ वर्षांच्या मुलीचा फोटो न विचारता मासिकात छापला म्हणून १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टानं तिची २००० डॉलरची भरपाई कायम ठेवली. जर्मनीचा १९०७ चा कायदा तर आपल्याच बाजूचा, त्याची सुरुवातच मुळी दोन फोटोग्राफर तिथला माजी चॅन्सेलर बिस्मार्क मेल्यावर १८९८ मध्ये रात्री त्याच्या खोलीत घुसले आणि प्रेताचा फोटो काढून आले यातून झाली. त्याच कायद्यात रस्त्याच्या दृश्यात सहज आलेल्या माणसांच्या संमतीची गरज नाही असंही आहे, पण एवढं सगळं कोणाला पाठ असतं.

न्यूयॉर्कचं मात्र चुकूनही काढू नका. तिथं डीकोर्शिया नावाच्या फोटोग्राफरनं टाइम्स स्क्वेअरला फ्लॅश टांगून ठेवले, लांबून लेन्स लावली आणि खालून जाणाऱ्या अनोळखी लोकांचे चेहरे टिपले, त्यांना पत्ताही नाही. त्यातल्या एकाचा धर्मानुसार अशा फोटोला विरोध होता, त्यानं केस केली, आणि २००६ मध्ये कोर्टानं ती फेटाळली, म्हणे ही कला आहे. हजारो डॉलरला प्रिंट विकली तरी कलाच. मला विचाराल तर हा निकाल मलाही थोडा खटकतो, त्या माणसाचं ऐकून घ्यायला हवं होतं असं वाटतं, पण ते जाऊ दे, इथं माझं मत कोण विचारतंय.

प्रायव्हसीवरून आठवलं. सरकत्या जिन्यावर मोबाइल खाली धरून मुलींचे व्हिडिओ काढणारा, कपडे बदलायच्या खोलीत कॅमेरा लपवणारा, असले लोकही असतात. त्यांच्यासाठी खरेखुरे कायदे आहेत, आपल्याकडं भारतीय न्याय संहितेचं ७७ वं कलम आहे, इंग्लंडमध्ये स्कर्टखालून फोटो काढण्याविरुद्ध २०१९ मध्ये वेगळा कायदा झाला. पण असल्या माणसाला पकडायला लक्ष ठेवावं लागतं, बाईनं तक्रार केली तर तिच्या बाजूनं उभं राहावं लागतं, नंतर साक्ष द्यावी लागते. तो ट्रायपॉड लावून बसत नाही हीच मोठी अडचण. त्यापेक्षा सूर्यास्त काढणारा बरा, हाताशी असतो. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपल्या पूर्वजांनी कंटाळून बनवलेली दिसते.

इमारतीचा कॉपीराइट ही एक नवी फॅशन आहे, तीही वापरून बघा. आयफेल टॉवरचं उदाहरण ठोका, रात्रीचा फोटो बेकायदेशीर आहे म्हणून. खरी गोष्ट अशी की गुस्ताव आयफेल १९२३ मध्ये वारला, त्याला ७० वर्षं होऊन टॉवर केव्हाच मोकळा झाला, राहिली ती १९८५ ची रोषणाई, तिच्यावर हक्क सांगतात, आणि तोही धंद्यासाठी वापर असेल तरच, घरच्या अल्बमला कोणी काही म्हणत नाही. आपल्या १९५७ च्या कायद्यात तर इमारतीचा फोटो म्हणजे कॉपीराइटचा भंग नाही असं सरळच लिहिलंय. पण "बिल्डिंगचा कॉपीराइट आहे साहेब" हे ऐकून भलेभले गप्प होतात, करून बघा.

मॉलसारख्या खासगी मालकीच्या जागेत तुमची बाजू खरंच भक्कम असते. फोटो काढू नका म्हणा, ऐकलं नाही तर बाहेर जा म्हणा, मालकाला तो अधिकार आहे. पण तेवढ्यावर थांबलात तर कसले तुम्ही. कॅमेरा हिसकवा, कार्ड काढून घ्या. तसा अधिकार गार्डला नसतो आणि हिसकावणं हाच गुन्हा होऊ शकतो, अमेरिकेत तर पकडलेल्या माणसाचा फोन बघायलाही पोलिसांना वॉरंट लागतं असं तिथल्या सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये एकमतानं सांगितलंय. पण आपण काय पोलिस थोडेच आहोत, आपल्याला कोण विचारतो.

आणि मग शेवटी "डिलीट करा, माझ्यासमोर डिलीट करा." हा क्षण शांतपणे एंजॉय करा. तो मान खाली घालून कचरापेटीचं बटण दाबेल, स्क्रीन काळी होईल, तुम्ही खाकरून "हां, आता जावा" म्हणाल. चांगल्या कॅमेऱ्यात दोन-दोन कार्डं बसतात आणि तोच फोटो दुसऱ्यावर पण पडलेला असू शकतो हे विचारू नका. एका कार्डावरून डिलीट केलेला फोटो खरं तर तिथंच असतो, नुसती यादीतून नोंद जाते, आणि त्यावर दुसरं काही लिहिलं गेलं नाही तर घरी जाऊन साध्या सॉफ्टवेअरनं परत निघतो, हेही माहीत नसलेलंच बरं. तो एवढ्या पटकन का तयार झाला याचा विचार करत बसाल.

कधीकधी उलट्या टाइपचा भेटतो. कायद्याचं प्रिंटआउट खिशात घेऊन फिरणारा, अपघातात रडणाऱ्या बाईच्या तोंडासमोर लेन्स धरून "माझा हक्क आहे" म्हणून ओरडणारा. याला अडवू नका, जपा. तुम्ही वर्षभर घसा कोरडा करून लोकांना कॅमेऱ्याविरुद्ध जेवढं करू शकत नाही तेवढं तो एका दुपारी करतो.

एवढं सगळं झाल्यावर कॅमेरेवाला सामान आवरून निघाला की लगेच मोबाइल काढा आणि त्याचे फोटो घ्या. समोरून एक, बाजूनं एक, गाडीचा नंबर यायला पाहिजे. ग्रुपवर टाका, खाली "संशयित व्यक्ती, सर्वांनी सावध राहा, पुढे पाठवा" असं लिहा. तो वळून म्हणालाच की अहो मला न विचारता माझा फोटो कसा काय काढता, तर अजिबात गडबडू नका, सरळ सांगा, सार्वजनिक जागा आहे, इथं कोणीही कोणाचाही काढू शकतो. आणि फोटो हलला असेल तर त्याला दोन मिनिटं तिथंच थांबायला सांगा.