डिलिव्हरीवाल्या पोराच्या अंगावर टिकेल असं जॅकेट बनवा

‘स्मार्ट हेल्मेट’ म्हटलं की ब्लूटूथ, गाणी आणि कॉल एवढंच पुढे येतं, याचा मला मनापासून राग येतो. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या स्कली कंपनीने मागचं दृश्य डोळ्यांसमोर दाखवणाऱ्या हेल्मेटसाठी लोकांकडून वीस लाख डॉलरहून जास्त पैसे गोळा केले. २०१६ मध्ये कंपनी बुडाली आणि हजारो लोकांना हेल्मेट मिळालंच नाही. आपल्याकडे कॉलेजांच्या प्रदर्शनांत ‘हेल्मेट घातल्याशिवाय गाडी सुरू होत नाही’ हा प्रकल्प असतोच. पण पट्टा लावून तेच हेल्मेट हँडलला टांगलं तर? मागे बसलेल्याचं काय?

म्हणून मुंबईतल्या साकीनाक्याच्या एका गाळ्यात माझ्या ओळखीचा एक तरुण जे करतोय ते मला महत्त्वाचं वाटतं. तो एअरबॅगचं जॅकेट बनवतोय. आत कार्बन डायऑक्साइडचं छोटं नळकांडं, त्याची दोरी गाडीला अडकवलेली. माणूस गाडीवरून फेकला गेला की दोरी ताणली जाते, नळकांड्याचं तोंड फुटतं आणि मान, छाती, पाठीभोवती हवा भरते. त्याने पुतळ्याला जॅकेट घालून दोरी खेचून दाखवली. फट्ट आवाज झाला आणि डोळ्याची पापणी लवेपर्यंत पुतळ्याची मान दोन्ही बाजूंनी घट्ट धरली गेली.

ही कल्पना नवी नाही. मोटोजीपी या मोटरसायकल शर्यतीत २०१८ पासून एअरबॅग सक्तीची आहे. तिथे दोरी नसते, सेन्सर निर्णय घेतात. युरोपात सेन्सरचं चांगलं जॅकेट बरंच महाग पडतं. पण ते बनलंय गुळगुळीत हायवेसाठी. मुंबईत डिलिव्हरीचं पोरगं दिवसभरात किती वेळा उतरतं, जिने चढतं, पुन्हा बसतं! दर वेळी दोरी कोण आठवणीने लावणार? सेन्सर लावले तर खड्ड्यात आदळल्यावर जॅकेट उगाच फुगता कामा नये. पाठीवर जेवणाची मोठी बॅग असेल तर मागची हवा फुगायला जागाच नाही. आणि मे महिन्यात घामाने भिजलेलं जॅकेट दुसऱ्या दिवशी कुणी अंगात घालेल का? खरं संशोधन इथे आहे, आणि या पोराने नेमका इथेच हात घातलाय.

२०२२ मध्ये देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली जवळपास ४५ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेली ५०,०२९. त्यामुळे आधी आयएसआय मार्कचं हेल्मेट, पट्टा लावून, मागच्यालासुद्धा. जॅकेट त्यानंतर. डंपरचं चाक अंगावरून गेलं तर कुठलीही एअरबॅग वाचवणार नाही, हेही त्याने मला स्पष्ट सांगितलं. त्याच्यावर माझा विश्वास बसला तो यामुळेच.

मुंबईतले सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू, तिन्हींवर दुचाकीला बंदी. म्हणजे दुचाकीवाल्याने त्याच जुन्या रस्त्यांवर बस, टँकर आणि खड्ड्यांमधून वाट काढायची. २०१५ मध्ये जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरच्या खड्ड्याने दादाराव बिल्होरे यांचा मुलगा नेला, तेव्हापासून हा बाप स्वतःच्या हाताने खड्डे बुजवतोय. हे काम त्यांचं नाही. तसंच जॅकेटचे पैसे भरणं हेही डिलिव्हरीच्या पोरांचं काम नाही. झटपट सामान पोचवायचं वचन ज्या कंपन्या देतात, त्यांनीच टी-शर्ट आणि बॅगेसोबत हेही द्यावं, आणि तेही पगारातून न कापता.

या मुलाला सध्या दोन गोष्टी हव्यात. जाड कापडाची दुहेरी शिलाई नीट करणारा कारागीर. धारावीत बॅगा शिवणारं कुणी ओळखीत असेल तर कळवा. आणि पावसाळ्यात रोज गाडी चालवणारी काही मुलं. पडून दाखवायचं नाही, फक्त दिवसभर जॅकेट घालून फिरायचं आणि कुठे टोचतं, कुठे उकडतं ते सांगायचं. त्याचे तो पैसे देणार आहे. मला मेसेज करा, मी गाठ घालून देतो.