मनाच्या परीक्षेचा क्लास

एसएसबी, म्हणजे सैन्यदलांचे अधिकारी निवडणारं मंडळ; त्याच्या मानसशास्त्रीय चाचणीची तयार उत्तरं विकणाऱ्या क्लासवाल्यांवर माझा राग आहे आणि तो आज इथे काढणार आहे. पोस्ट लांबेल. घरात कुणी एनडीए-सीडीएस या अधिकारीपदाच्या लेखी परीक्षांची तयारी करत असेल, तर कंटाळा न करता वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लेखी परीक्षा पास झालेल्या मुलामुलींना भोपाळ, बंगळुरू, प्रयागराज, जालंधर अशा ठिकाणी पाच दिवस बोलावतात. पहिल्याच दिवशी चाळणी लागते आणि बरेच जण बॅगा उचलून स्टेशन गाठतात. उरलेल्यांची दुसऱ्या दिवशी मानसशास्त्रीय चाचणी. पडद्यावर धूसर चित्र ३० सेकंद दिसतं, ४ मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची. अशी ११ चित्रं, बारावा पडदा कोरा. मग ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद; शब्द दिसला की मनात येईल ते वाक्य लिहून मोकळं व्हायचं. मग ३० मिनिटांत ६० प्रसंग, 'अशा वेळी त्याने काय केलं?' शेवटी स्वतःबद्दल: आईवडील, शिक्षक, मित्र तुझ्याविषयी काय म्हणतात, तुला स्वतःला काय वाटतं. मानसशास्त्रज्ञ मुलाला न भेटता नुसते हे कागद वाचून मत बनवतो. मुलाखत घेणारा वेगळा, मैदानावरच्या गटाच्या कसोट्यांत नजर ठेवणारा अधिकारी (जीटीओ) वेगळा. पाचव्या दिवशी कॉन्फरन्सला, म्हणजे अंतिम निवडीच्या बैठकीला, तिघे एकत्र बसतात. मनसा, वाचा, कर्मणा या तिन्हींचा मेळ बसतो का, एवढंच त्यांना बघायचं असतं.

या घाईतच सगळी मेख आहे. सवड मिळाली की माणूस शोभेलसं लिहितो. सवड नसली की जे आत आहे ते बाहेर पडतं.

आता क्लासवाल्यांनी काय केलंय बघा. मी इंग्रजी शिकवते, त्यामुळे आमच्याकडची मुलं व्याकरण तपासायला वह्या घेऊन येतात. दहा वह्या उघडा, दहांत तीच वाक्यं. 'पराभव' शब्द आला की 'पराभव माणसाला शिकवतो'. 'मृत्यू' आला की 'मृत्यू अटळ आहे'. साठच्या साठ शब्दांवर सुविचार! शाळेच्या फळ्यावर शोभतील, पण त्यात मुलगा कुठे आहे? प्रसंगांचं तर विचारूच नका. रेल्वेत पाकीट मारलं गेलं, तर हा पठ्ठ्या चोराला पकडतो, पोलिसांच्या ताब्यात देतो, वाटेत कुणाला रक्त देतो आणि मुलाखतीला वेळेवर पोचतो. शेजारच्याकडून शंभर रुपये उसने घेतले आणि घरी फोन केला, असं एकही पोर लिहीत नाही. खरं म्हणजे आपण सगळे तेच करू.

एका मुलाच्या वहीत चित्रावरची गोष्ट होती. गावात पूर येतो, रवी नावाचा तरुण इंजिनिअर गावकऱ्यांना एकत्र करतो, कलेक्टरना कळवतो, सर्वांना वाचवतो, सत्कार होतो. हे पोर कृष्णाकाठचं. २०१९ च्या पुरात यांच्या दारात पाणी होतं. मी म्हटलं, अरे, तू पूर डोळ्यांनी पाहिलास, मग हा रवी कुठून आणलास? म्हणाला, "मॅडम, मी काय केलंय त्यात? शेजारच्या म्हातारीच्या दोन म्हशी घेऊन रात्रभर रस्त्यावर उभा होतो. दावं सोडलं असतं तर बुजल्या असत्या. त्यात लीडरशिप कुठंय?"

पंधरा वर्षांचं पोर, पावसात, दुसऱ्याची जनावरं धरून रात्रभर जागचं हललं नाही. क्लासने त्याला पटवून दिलं की हे सांगण्यासारखं नाही.

ही पद्धत मुळात कशासाठी आली तेही ऐका. दुसऱ्या महायुद्धापर्यंत ब्रिटिश सैन्यात अधिकारी निवडायचा म्हणजे थोड्या वेळाची मुलाखत: शाळा कुठली, वडील काय करतात. असे निवडलेले बरेच जण प्रशिक्षणातूनच परत पाठवावे लागले. म्हणून १९४२ मध्ये तिकडे मानसशास्त्रज्ञांना घेऊन नवी मंडळं आली. मानसशास्त्रज्ञांकडून अधिकारी पारखून घ्यायची कल्पना जर्मन सैन्याने आधीच वापरली होती. १९४३ मध्ये आपल्याकडे डेहराडूनला असं प्रायोगिक मंडळ सुरू झालं. म्हणजे घराणं आणि शाळा बाजूला ठेवून समोरचा माणूस पाहायचा, हा या चाचणीचा हेतू. माझ्या त्या म्हशीवाल्या पोराला जर कुठे न्याय मिळायचा, तर तो इथेच. आणि तिथेच तो उसना चेहरा लावून जातोय, वर त्याचे पैसे मोजतोय.

चाचणी निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. चित्रावरच्या गोष्टीवरून स्वभाव कितपत कळतो, यावर खुद्द मानसशास्त्रज्ञांतच वाद आहेत. मराठीत विचार करणाऱ्या मुलाचे १५ सेकंदांतले निम्मे इंग्रजी जुळवण्यात जातात, ही माझी जुनी तक्रार. पण म्हणून पाठ केलेलं लिहिणं हा त्यावर उपाय नव्हे.

मग तयारी करूच नये का? करावी की. छत्रपती संभाजीनगरला एनडीएची तयारी करून घेणारी राज्य सरकारची संस्था, एसपीआय, १९७७ पासून आहे, आता नाशिकला मुलींसाठीही आहे. दहावीनंतर दोन वर्षं मुलं तिथे राहतात, मैदानावर घाम गाळतात, चारचौघांत बोलायला शिकतात. दोन वर्षांत माणूस बदलू शकतो, त्याला माझी ना नाही. पंधरा दिवसांच्या 'क्रॅश कोर्स'मध्ये फक्त वाक्यं बदलतात.

पालकांना एक सांगते. कॉन्फरन्स आउट होऊन, म्हणजे शेवटच्या दिवशी निवड न होता, आलेल्या पोराला 'नेमकं कुठे कमी पडलास' म्हणून उभं-आडवं सोलू नका. निकालाचं कारण मंडळ सांगत नाही, त्याला तरी कुठून माहीत असणार? कलामांनाही डेहराडूनला हवाई दलाने घेतलं नव्हतं, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. तिचा पुढचा भाग कुणी सांगत नाही: ज्या डीआरडीओचे, म्हणजे संरक्षण संशोधन संस्थेचे, ते पुढे प्रमुख झाले, त्याच डीआरडीओची दिल्लीतली संस्था आज या चाचण्यांचं संशोधन करते.

आता कमेंटमध्ये कुणीतरी 'मॅडम, वॅटच्या वाक्यांची पीडीएफ आहे का' विचारणारच (वॅट म्हणजे ती साठ शब्दांची चाचणी). नाही. असती तरी दिली नसती. इंग्रजी तपासून हवं असेल तर वही घेऊन या, पण त्यात रवी इंजिनिअर दिसला तर वही तशीच परत मिळेल.