सुरुवातीचा ‘उदाहरणार्थ’

कादंबऱ्यांच्या पहिल्या वाक्यांवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं ‘पहिल्या वाक्याने वाचकाची कॉलर पकडली पाहिजे’ हे काही पटलं नाही. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ (१९६३) ही कादंबरी घ्या, तिची सुरुवात अशी: ‘मी पांडुरंग सांगवीकर. आज उदाहरणार्थ पंचवीस वर्षांचा आहे.’ यात कॉलर कुठे पकडलीय? उलट हा माणूस खांदे उडवून बोलतोय. पहिल्या वाक्यात क्रियापदच नाही, मराठीत ते सहज चालतं. दुसऱ्यात ‘आहे’ येतं, पण त्याआधी ‘उदाहरणार्थ’ टपकतो. वय हे एकमेव ठाम आकडेवारीचं प्रकरण, तेच याने नमुन्यादाखल करून टाकलं! तो शब्द काढून वाक्य मोठ्याने वाचा, बँकेचा फॉर्म भरल्यासारखं वाटतं.

दादरच्या एका जुन्या लायब्ररीतून मी ही कादंबरी पहिल्यांदा आणली, तेव्हा कुणीतरी नेमक्या त्याच शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारून समासात ‘चूक?’ असं लिहिलं होतं. घरी येईपर्यंत, लोकलमध्ये उभ्याउभ्या, मी त्या पेन्सिलवाल्याशी मनात भांडत होतो.

फ्रेंच लेखक काम्यूच्या ‘परका’ (१९४२) या कादंबरीची सुरुवातही ‘आज’नेच होते: आज आई मेली. किंवा कदाचित काल. पण मराठीत ‘मेली’ म्हणायचं, ‘वारली’ की ‘गेली’? ‘गेली’ म्हटलं की निवेदक लगेच हळवा होतो, ‘वारली’ म्हटलं की वर्तमानपत्रातली निधनवार्ता. मला ‘मेली’च हवं, कितीही कानाला खटकलं तरी.

लेखकाने अनुवादातल्या पहिल्या वाक्यांवर वेगळं लिहावं, ही विनंती.