डीपीआय वाढवून सॅटेलाइट इमेज क्लिअर होत नाही
सगळीकडे फिरतंय की क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरच्या लेआउटमधे एक्स्पोर्ट रिझोल्यूशन (म्हणजे डीपीआय, एका इंचातले ठिपके) 300 चं 600 केलं की मागची सॅटेलाइट इमेज जास्त स्पष्ट येते, तर तसं नाहीये हो. सेंटिनेल-2 उपग्रहाच्या रंगीत इमेजचा एक पिक्सेल जमिनीवर 10 मीटरचा, आणि 1:50,000 स्केलला 300 डीपीआयचा एक ठिपका साधारण 4.2 मीटरचा, म्हणजे इमेजमधे जे काही होतं ते 300 लाच आलंय, पुढे नुसते तेच चौकोन अजून बारीक कापले जातात. ए4 ला 3508 बाय 2480 च्या चौपट पिक्सेल होतात आणि फाइल उगाच जड. गावांची नावं, नद्यांच्या रेषा फाटल्यासारख्या दिसत असतील तर पीएनजी सोडा आणि पीडीएफ काढा, त्यात त्या व्हेक्टर राहतात (ठिपके न होता रेषा म्हणूनच), फक्त लेयरला ब्लेंड मोड (खालच्या लेयरशी रंग मिसळायची सेटिंग) वगैरे लावलेला नसावा.